अर्नाळा सर, तुम्ही परत का आलात?

सर,

तुमच्या क्रूसावर कुठलं नाव घालायचं यावरून भुईगावच्या दफनभूमीत आम्ही चक्क भांडलो. तुम्ही असतात तर भिंतीला टेकून, हाताची घडी घालून मजेत ऐकत राहिला असतात. तुमच्या फिलोमिनाने सुताराला सांगितलं, "आर्नेल लिही." सुतार ब्रश हातात धरून तसाच उभा. म्हणाला, "आर्नेल लिहिलं तर शोधनार कोन यांना? अख्खा गाव अर्नाळा सर म्हनतो." फादर म्हणाले, बाप्तिस्म्याचं नाव पाहिजे. पोरी म्हणाल्या, अर्नाळा सरच पाहिजे. शेवटी वर आर्नेल आणि खाली बारीक अक्षरांत अर्नाळा सर, असा तोडगा निघाला.

अर्नाळ्याशी तुमचा काय संबंध? काहीच नाही. पहिल्या दिवशी आमच्या पोरींना तुमचं नाव उच्चारता येईना, आणि अर्नाळा हे जवळच्या गावाचं नाव सगळ्यांच्या तोंडातलं, म्हणून तुम्ही अर्नाळा सर झालात. एकदा सहलीला आमच्याबरोबर तिथे आलात तेव्हा समोरच्या बेटावरचा किल्ला बघून ओरडलात, "माझ्या नावाचा किल्ला आहे आणि इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नाही?"

एका स्थानिक साप्ताहिकाने तुमच्याबद्दल चार ओळी मागितल्या. मी दिल्या. कॅलिफोर्नियात जन्मलेला फिलिपिनो आईबापांचा मुलगा, मनिलाच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेला बास्केटबॉलपटू, आणि पुढे वसईतल्या एका मराठी शाळेच्या मुलींचा प्रशिक्षक. लिहून झाल्यावर वाचलं, तर प्रत्येक स्वल्पविरामापाशी माझा एकेक प्रश्न अडकलेला. तिथून इथे कसे आलात? आलात ते राहिलात का? आणि एकदा गेलात, चांगल्या नोकरीवर गेलात, तर परत का आलात? तुमच्या हयातीत मी हे सगळं शंभरदा विचारलं असेल. तुम्ही दर वेळी हसून काहीतरी वेगळंच सांगितलंत.

आपली ओळख आठवते ना? शाळा सुटल्यावर मी मैदानावर खो-खोचा सराव घेत होते. मी आचोळ्याची, कोकणातून आलेल्या नोकरदार घरातली, शाळेत खेळाची शिक्षिका, आणि खो-खो सोडून दुसऱ्या खेळाला खेळ न मानणारी. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे एक माणूस उभा राहून केळं खात आमचा सराव बघत होता. शिपाई येऊन कानात म्हणाला, "बाई, तो नेपाळी केव्हाचा बघतोय, हाकलू का?" मी हाकलायलाच गेले. तर तुम्ही इंग्रजीत विचारलंत, "या मुली एक इकडे, एक तिकडे अशा तोंड करून का बसल्यात?"

माझं इंग्रजी तेव्हा पाठ्यपुस्तकापुरतं होतं. हातवारे करून समजावलं. पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली की मागे वळायचं नाही, खांबापर्यंत जायचं. तुम्ही विचारलंत, "आणि दिशा बदलायचीच असेल तर?"

"तर खो द्यायचा. बसलेलीला उठवायचं आणि तिच्या जागी आपण बसायचं."

तुमचं केळं खाणं थांबलं. "परत सांगा," म्हणालात. मी परत सांगितलं. तेव्हा मला वाटलं, माझं इंग्रजी कळलं नाही म्हणून विचारताय.

नंतर हळूहळू कळलं की तुम्ही भुईगावच्या फिलोमिनाचे नवरे. ती आखातात नर्स, तुमची बहीण तिच्या खोलीत राहणारी नर्स. मनिलातल्या संघाने गुडघ्यापायी तुम्हाला सोडून दिलं, तेव्हा बहिणीने बोलावून घेतलं, तिथे तुमचं जमलं. मग फिलोमिनाचे वडील गेले, वाडीत तिची आई एकटी पडली, म्हणून दोघं सहा महिन्यांसाठी आलात. ते सहा महिने काही संपले नाहीत.

पुढच्या आठवड्यात तुम्ही हेडसरांना येऊन भेटलात, म्हणालात, मुलींना बास्केटबॉल शिकवतो, फुकट. हेडसरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "रिंग कुठाय?" रिंग नव्हती. तुम्ही वालीवच्या एका वर्कशॉपमध्ये जाऊन पाइप वाकवून घेतलात. त्या वेल्डरने जन्मात बास्केटबॉल पाहिलेला नव्हता, त्यामुळे रिंग थोडी लहान झाली. मी म्हटलं, परत करून घेऊ. तुम्ही म्हणालात, "राहू दे, बघू काय होतं." झालं असं की आमच्या पोरी त्या लहान रिंगमध्ये बॉल टाकायला शिकल्या, आणि पहिल्यांदा दुसऱ्या शाळेच्या मैदानावर गेल्यावर कविता मोठ्याने म्हणाली, "बाई, ही रिंग केवढी! हिच्यात तर कलिंगड जाईल."

कविता खाडीकडच्या गावातली, शेतकऱ्याची मुलगी, वडिलांना आबा म्हणणारी. खो-खोसाठी मी तिला निवडली होती, ती तुम्ही पळवलीत. मी तुमच्यावर चिडले होते. तुम्ही म्हणालात, "पळवली नाही, खो दिला तुम्ही." इतक्या थोड्या दिवसांत हा शब्द कसा वापरायचा ते तुम्हाला कळलं होतं.

तुमची मराठी हा आम्हा सगळ्यांचा आनंद होता. ती तुम्ही सासूबाईंकडून शिकलात, त्यामुळे अमेरिकेत वाढलेला माणूस मैदानावर ओरडायचा, "बाय, पानी पी! कोन आहे तिकडे? धाव ना!" शाळेतल्या मराठीच्या बाईंनी एकदा तुम्हाला 'ण' शिकवायचा प्रयत्न केला. तुम्ही मन लावून शिकलात आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे ण लावायला लागलात. "णको, णको," म्हणालात एका मुलीला, आणि सराव तिथेच संपला, कारण कुणीच हसायचं थांबेना.

मी तुमच्या मागे लागून तुमच्या खेळण्याबद्दल विचारायचे. तुम्ही स्वतःहून कधीच सांगितलं नाहीत. जे कळलं ते तुकड्यातुकड्यांनी, सराव संपल्यावर बॉल गोळा करताना. कॉलेजात तुम्ही सगळ्यात वेगवान होतात. पण तिथल्या मोठ्या संघांनी तुमची उंची बघितली आणि पुढे काही बघितलंच नाही. मग आईबापांच्या देशातून बोलावणं आलं. मनिलात पहिल्या वर्षी लोक तुमचं नाव घेऊन ओरडायचे, रिक्षांवर तुमचं चित्र होतं. मी विचारलं, "म्हणजे तिथे तुम्ही घरचे झालात?" तुम्ही मान हलवलीत. चांगला खेळ झाला की तुम्ही त्यांचे, आणि वाईट झाला की 'तो अमेरिकन'.

"अमेरिकेत?"

"तिथे मी फिलिपिनो."

"आणि इथे?"

"इथे नेपाळी." मग हसून सासूबाईंच्या मराठीत म्हणालात, "पन मला कोनी विचारलं कुठला, तर मी सांगतो, सासुरवाडीचा."

एकदा मी थेटच विचारलं. खेळाडू असतो तो प्रशिक्षक कसा होतो? म्हणजे नक्की कुठल्या क्षणी? मला स्वतःला ते कधी कळलं नव्हतं. माझं लग्न झालं, खेळणं सुटलं, नोकरी लागली आणि हातात शिट्टी आली. तुम्ही हातातला बॉल खाली ठेवलात. मग म्हणालात, गुडघा गेल्यावर दोन वर्षं तुम्ही मागे वळायला बघत होतात. परत तसंच खेळायचं. डॉक्टर, मालिश, उपास, नवस, सगळं झालं. "मागे वळता येत नाही हे मला तुमच्या त्या खेळाने सांगितलं, टीचर. दिशा बदलायची तर दुसऱ्याला उठवायचं आणि आपण बसायचं. मी त्या भिंतीपलीकडे उभा होतो ना, तेव्हा बसलो."

त्या दिवशी घरी जाताना मी रिक्षात उगीचच एकटी हसत होते. खो-खोचा इतका मोठा मान कुणी केला नव्हता.

मग तो फोन आला. तुमच्या शेजाऱ्यांकडे, कारण तुमच्याकडे फोन नव्हता. तुमच्याबरोबर खेळलेला एक जण मनिलातल्या मोठ्या संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला होता आणि त्याला तुम्ही मदतनीस म्हणून हवे होतात. तुम्ही पोरींना सांगायला आलात तेव्हा नवा शर्ट घातला होतात. कविताने विचारलं, "सर, परत कधी?" तुम्ही म्हणालात, "बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे 'नाही', हे एव्हाना तुम्हाला माहीत होतं. पोरींना तर होतंच.

फिलोमिना आईजवळ राहिली. इकडे संघ माझ्या गळ्यात. मला बास्केटबॉल येत होता तो तुमच्याकडे बघून. मी पोरींना खो-खोतल्या हुलकावण्या शिकवल्या, त्या बॉल घेऊन करायला लावल्या. त्या वर्षी आम्ही फार जिंकलो नाही, पण समोरच्या संघांना आमचं काय चाललंय ते कळायचं नाही. पोरी तुमचं नाव काढत नव्हत्या. रिंगखाली तुम्ही खडूने काढलेल्या खुणा पावसात गेल्या, त्या कुणी परत काढल्या नाहीत.

आणि मग एके दिवशी, त्यांचा हंगाम नुकताच संपला असेल, सराव चालू असताना तुम्ही फाटकातून आत आलात. बारीक झालेले. हातात पिशवी. मला वाटलं सुट्टीवर आलात. तुम्ही म्हणालात, "आलो." एवढंच.

कविता तोवर कर्णधार झाली होती. ती बॉल काखेत धरून तुमच्यासमोर उभी राहिली. "सर, आमचा सराव बाईंबरोबर चाललाय."

मी काही बोलणार होते, तुम्ही मला हाताने थांबवलंत. "बरोबर," म्हणालात आणि जाऊन त्या कंपाउंडच्या भिंतीवर बसलात. दुसऱ्या दिवशीही बसलात. पुढे कितीतरी दिवस तुम्ही रोज यायचात, भिंतीवर बसायचात, सराव संपला की उठून वाडीवर जायचात. मग एका संध्याकाळी कविताचा नेम सारखा चुकत होता. ती वैतागली, भिंतीकडे वळली आणि ओरडली, "आता बसून काय बघताय? सांगा ना, काय चुकतंय!" तुम्ही उडी मारून उतरलात, गुडघ्यामुळे अडखळलात, आणि तिच्या हातांकडे न बघता म्हणालात, "पाय." तुमचं नेहमी तेच. हात खोटं बोलतात, पाय बोलत नाहीत, असं तुमचं मत.

त्यानंतर माझे प्रश्न सुरू झाले. का आलात? तुम्ही म्हणालात, सासूबाईंच्या हातचं बोंबलाचं कालवण. पुढच्या खेपेला, तिकडची रहदारी. मग, वाडीतल्या विहिरीचं पाणी. मग, "तुमचे प्रश्न, टीचर. तिथे कोनी इतके प्रश्न विचारत नाही, करमेना." फिलोमिनाला विचारलं तर तिने विषय बदलला. गावात कुणी म्हणे काढून टाकलं, कुणी म्हणे भांडण झालं. मी दोन्ही मानलं नाही. पण तिसरं काही सुचतही नव्हतं.

आणि मग तो अंतिम सामना. त्याच्याबद्दल आपण दोघं पुढे कधी धड बोललो नाही, म्हणून आता बोलते.

जिल्ह्याची शालेय स्पर्धा, आणि अंतिम सामन्याला राज्याच्या संघाची निवड करणारे लोक येऊन बसलेले. कविताचं शाळेतलं शेवटचं वर्ष. आदल्या दिवशी सरावात ती लंगडायला लागली. सामन्याच्या सकाळीही डावा पाय टाकताना तोंड वाकडं करत होती. तुम्ही खाली बसून विचारलंत, "कुठे?" तिने घोटा दाखवला. मैदानावरच्या डॉक्टरांनी दाबून बघितलं. सूज नाही, पट्टी बांधून खेळू शकते म्हणाले. मी पिशवीतून पट्टी काढलीसुद्धा. आणि तुम्ही म्हणालात, "ती बसेल."

"सर, डॉक्टर म्हणतायत."

"ऐकलं मी."

"अहो, याहून वाईट पायावर आम्ही अख्खी स्पर्धा खेळलोय! आज नाही खेळली तर निवड गेली तिची. खाडीकाठच्या पोरीला परत कोण बघायला येणार आहे?"

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. "ती बसेल, टीचर."

आम्ही एका बास्केटने हरलो. कविता पूर्ण वेळ बाकावर होती, तोंड ओंजळीत घालून. निवड झालेल्यांची नावं वाचली, त्यात ती नव्हती. परतीच्या टेम्पोत मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि मागे वळूनही बघितलं नाही. पुढे कित्येक दिवस मी तुमच्याशी कामापुरतंच बोलत होते. तुम्ही शिपायाच्या हाती केळी पाठवायचात, मी ती स्टाफरूममध्ये वाटून टाकायचे. हळूहळू निवळलं. पण मी जेव्हा जेव्हा तो विषय काढला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुम्ही बरोबर असाल." असल्या उत्तराने माणूस जास्तच चिडतो, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का?

त्यालाही आता काही वर्षं झाली. नवीन पोरी आल्या, नवीन बोर्ड आला, लहान रिंग तुम्ही हट्टाने तशीच ठेवलीत. आणि गेल्या आठवड्यात सकाळी वाडीला पाणी लावताना तुम्ही विहिरीजवळ बसलात ते उठलाच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. सासूबाई म्हणाल्या, "पोर माझं." जावई असं नाही म्हणाल्या.

आज चर्चमध्ये सातव्या दिवसाची मिस्सा होती. मिस्सेनंतर सगळे तुमच्या वाडीत जेवायला आले. गर्दी कमी झाली तेव्हा फिलोमिना माझ्याजवळ येऊन बसली. तिनेच सुरुवात केली. "बाई, तुम्ही मला एक विचारायच्या. मी सांगितलं नाही, कारण यांनी सांगू नको म्हटलं होतं. आता कोणाला सांगू नको म्हणणार?"

मनिलातल्या त्या संघात एक तरुण पोरगा होता. तोही तुमच्यासारखाच अमेरिकेतून आलेला, तुमच्यासारखाच गुडघ्याच्या ऑपरेशनमधून उठलेला. तो तुमच्या मागे मागे असायचा. उपांत्य सामन्याआधी डॉक्टरांनी त्याला खेळायला परवानगी दिली. पण पोरगा म्हणाला, "मी नाही खेळत." मुख्य प्रशिक्षकाने तुम्हाला त्याच्याकडे पाठवलं. म्हणाला, तुझं ऐकेल तो, तू यातून गेलायस. तुम्ही गेलात. तो म्हणाला, "दुखत नाही. भीती वाटते." आणि तुम्ही त्याला सांगितलंत, "भीती खेळायला लागलं की जाते. माझी गेली होती."

"बाई, यांची कधीच गेली नव्हती," फिलोमिना म्हणाली. "आखातात परत खेळायला बघायचे तेव्हा प्रत्येक उडीला भ्यायचे. मला माहीत होतं. त्या पोरालाच खोटं सांगितलं."

तो पोरगा खेळला. चांगला खेळला म्हणे. शेवटाकडे उडी मारून खाली आला, गुडघा परत गेला, आणि तो उठला नाही. तुम्ही त्याला दवाखान्यात भेटायला गेलात, तर तो तुमच्यावर रागावलाही नाही. म्हणाला, "तुम्ही बरोबर होता, भीती गेली होती." हंगाम संपताच तुम्ही राजीनामा दिलात. इकडे आल्यावर एकदा, विहिरीच्या काठावर, फिलोमिनाला सगळं सांगितलंत, आणि मग कधीच नाही.

म्हणजे बोंबील नाही, रहदारी नाही, माझे प्रश्न नाहीत.

सर, खरं सांगू? हे ऐकलं आणि त्याच क्षणी डोक्यात आलं, अच्छा, म्हणून कविता बसली! तुम्ही त्या दिवशी कविताला नाही बसवलंत, त्या पोराला बसवलंत. माझा राग थोडा उतरला, पण सगळा नाही. कारण कविताला भीती नव्हती. तिचा पाय मुरगळला होता, तोही थोडा. एका पोराच्या बाबतीतली चूक दुसऱ्याच पोरीवर फेडायची, हा कुठला न्याय? मनातल्या मनात मी तुमच्याशी परत भांडायला लागले. तुम्हाला जमिनीत ठेवून आठवडाही झाला नव्हता.

तेवढ्यात कविताच आली. ती आता वालीवच्या एका कारखान्यात पॅकिंगवर सुपरवायझर आहे, कडेवर लेक घेऊन आली होती. पोरगी चिकूच्या झाडाखाली सोडून ती माझ्या शेजारी बसली. आम्ही तुमच्याबद्दल बोलत होतो हे तिला कळलं. थोडा वेळ गवत उपटत बसली, मग म्हणाली, "बाई, एक सांगू? रागवाल."

"सांग."

"फायनलला माझ्या पायाला काहीच झालं नव्हतं."

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"भीती वाटत होती. ते निवडीचे लोक, आबा पहिल्यांदा सामना बघायला येनार, तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवलेलं की कविता राज्याला जानार. मला दोन दिवस आधीपासून उलट्या होत होत्या. मग लंगडायला लागले. कोनाला सांगनार? तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हनाला असता, मूर्खासारखं करू नको."

म्हणाले असते. शंभर टक्के म्हणाले असते.

"आणि सरांना?"

"सरांना नाही सांगितलं. पन सामना संपल्यावर आबा आले ना तरातरा. पोरीला का बसवली, काय झालंय तिला, असं सरांना विचारायला लागले. सर म्हनाले, थांबा. खाली बसले, माझा बूट काढला आनि छान, घट्ट पट्टी बांधली. आबांनी एवढी मोठी पट्टी बघितली आनि गप झाले." तिचे ओठ हलायला लागले, रडतेय की हसतेय ते मला कळेना. "बाई, मी डाव्या पायाने लंगडत होते. सरांनी पट्टी उजव्याला बांधली."

"अगं, चुकून बांधली असेल."

"सरांनी? जो मानूस जन्मभर आमचे पाय बघत बसला, तो पाय चुकेल? पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी वर बघितलं आनि विचारलं, 'बाय, आता बरं?' मी म्हटलं, हो सर. मग घरी जाईपर्यंत मला उजव्या पायाने लंगडावं लागलं."

त्या वेळी मी तिथेच होते, सर. चार पावलांवर. पण तुमच्याकडे पाठ करून उभी होते.

मी कविताला विचारलं, "सरांचा राग नाही आला कधी?"

"आला ना," ती म्हणाली. "आजही येतो कधीकधी. ढकललं असतं तर खेळले असते कदाचित. राज्याला गेले असते. पन त्या दिवशी मला कोनी ढकलू नये असं फार वाटत होतं. आनि कोनी ढकललं नाही."

बघा, म्हणजे निकाल काही लागला नाही. मी अजूनही म्हणते की भ्यालेल्या पोरीला कधीकधी ढकलावं लागतं. मी कितीतरी जणींना ढकललंय आणि त्या उडाल्यात. तुम्ही म्हणाल, ज्या पडल्या त्यांना विचारलंत का? नाही विचारलं. पण तुम्ही हे एकदा तरी म्हणायचं होतंत. "तुम्ही बरोबर असाल" म्हणून सुटायचं नव्हतं. टेम्पोतली माझी पाठ, स्टाफरूममध्ये वाटून टाकलेली केळी, अख्ख्या गावाचं बोलणं, सगळं पोटात घातलंत, कारण एका पोरीचं गुपित उघडं पडलं असतं. यासाठी तुम्हाला धन्यवाद म्हणू की शिव्या देऊ, ते मला अजून ठरवता येत नाहीये.

आणि त्या उजव्या पायाचं चित्र डोळ्यांपुढे आलं, ती पोरगी लंगडतेय, आबा काळजीने धरून नेतायत, तुम्ही मागे गंभीर चेहरा करून उभे आहात, आणि मला हसू फुटलं. सातव्या दिवशी, तुमच्या घरी, जेवायला बसलेल्या पाहुण्यांसमोर. पदर तोंडात धरला तरी थांबेना. कविताही सुटली. ओट्यावरच्या बायका माना वळवून बघायला लागल्या. फिलोमिना लगबगीने आली. तिला वाटलं, मला काही झालं. "काय झालं बाई?"

कविताने तिला सांगितलं. फिलोमिना उभ्यानेच ऐकत होती, तोंड ओढलेलं, डोळे सुजलेले.

"कुठल्या पायाला बांधली?" तिने विचारलं.

"उजव्या."

"आणि दुखत कुठला होता?"

"कुठलाच नाही."

फिलोमिनाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कविताकडे. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि तिला आधाराला झाड धरावं लागलं.